डॉ. भाऊ दाजी लाड : एक अपुरी राहिलेली चिकित्सा

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या निमित्ताने आपल्या मंडळाच्या सभागृहात आरोग्यतपासणीचे शिबिर भरले होते. रक्तदाब, मधुमेह, डोळे, दात अशी टेबले ओळीने मांडली होती आणि प्रत्येक टेबलापुढे रांग होती. कोपऱ्यात पडद्याआड त्वचेची तपासणी करावयास बसलेल्या डॉक्टरीणबाई मात्र दुपारपर्यंत जवळजवळ रिकाम्याच होत्या. रक्तातील साखर वाढल्याचे चारचौघांत सांगण्यास कोणास संकोच वाटत नाही, किंबहुना आपल्याकडे ते थोडेसे सुस्थितीचे लक्षणही मानले जाते. पण अंगावरचा चट्टा दाखवायचा म्हटले की माणूस सदऱ्याची बाही हळूच खाली ओढतो. सामान आवरण्याच्या वेळी आपल्या सभासदांपैकी एक गृहस्थ परत आले, आजूबाजूस कोणी नाही असे पाहून पडद्याआड गेले आणि त्यांनी दंडावरचा एक फिकट, तांबूस डाग दाखवला. दोन वर्षे तो तेथे होता. नायटा समजून त्यावर दुकानातली मलमे लावून झाली होती. इस्त्रीचा चटका त्याच जागी बसला आणि तो कळलाच नाही, तेव्हा कोठे त्यांच्या मनात शंका आली. आणि शंका आल्यानंतरही ते आणखी पाच महिने गप्प राहिले, कारण मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती.

तो कुष्ठरोग होता, अगदी आरंभीचा. सरकारी रुग्णालयातून फुकट मिळालेल्या गोळ्या सहा महिने घेऊन ते पूर्ण बरे झाले. मुलीचे लग्नही यथासांग झाले. नाव न घालण्याच्या अटीवर हे लिहिण्यास त्यांनीच आम्हांस परवानगी दिली आहे.

त्या दिवसापासून एका थोर पुरुषाची आठवण आमच्या मनात घर करून आहे. स्मरणिकेसाठी एखाद्या महाराष्ट्रीय विभूतीचे चरित्र लिहावे असे संपादक मंडळात ठरले, तेव्हा संतांची, सेनापतींची व नाटककारांची नावे पुढे आली. आम्ही डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव सुचवले. मुंबईस जाणाऱ्या प्रत्येकाने भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाच्या दारावर हे नाव वाचलेले असते. परंतु आयुष्याच्या अखेरच्या पर्वात या माणसाने, ज्यांच्याकडे समाज पाहतसुद्धा नव्हता अशा रोग्यांच्या कातडीकडे वर्षानुवर्षे बारकाईने पाहिले, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

भाऊंचा जन्म १८२० च्या दशकाच्या प्रारंभी गोव्यात, पेडणे महालातील मांद्रे येथे झाला. घर गौड सारस्वतांचे, परिस्थिती बेताची. आपण सगळे पोटासाठी गाव सोडून आलेले लोक आहोत. भाऊंचे कुटुंबही तसेच गाव सोडून, पोर्तुगिजांच्या राज्यातून इंग्रजांच्या मुंबईत आले. भाऊ आणि त्यांचे धाकटे बंधू नारायण या दोघांच्या नावापुढे दाजी लागे, आणि मुंबईने त्यांना तेवढ्याच नावाने ओळखले. लहानपणी भाऊ बुद्धिबळ उत्तम खेळत. त्यांची चलाखी पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे असा आग्रह वडिलांना धरला, असे सांगतात. एल्फिन्स्टन विद्यालयात ते शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. कच्छ आणि काठेवाडातील बालहत्येच्या चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास बक्षीस मिळाले, तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आतबाहेर होते. विषयाची निवड पाहावी. लोक ज्या गोष्टीवर पांघरूण घालतात तिच्याकडे सरळ पाहण्याची खोड त्यांना तेव्हापासूनच होती.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि त्याच्या शेजारीच जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय. शिक्षकाची स्थिर नोकरी सोडून भाऊ पुन्हा विद्यार्थी झाले. प्रेताला हात लावणे, शवविच्छेदन करणे या गोष्टींनी जात जाते असे मानणाऱ्या काळात ब्राह्मण घरातील तरुणाने हा मार्ग धरणे सोपे नव्हते. कॉलेजचे प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा भर रोग्याच्या खाटेशी उभे राहून शिकवण्यावर होता. पुस्तकातले लक्षण आणि समोरच्या माणसाच्या अंगावरचे लक्षण ताडून पाहावयाचे, लिहून ठेवावयाचे, आणि मग बोलावयाचे. ही शिस्त भाऊंच्या अंगी तेथे मुरली. त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. १८५१ मध्ये त्यांनी मुंबईत वैद्यकी सुरू केली. नारायण दाजीही त्यांच्या मागोमाग डॉक्टर झाले आणि दोघा भावांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. श्रीमंतांच्या घरून येणारा पैसा आणि गरिबांच्या दवाखान्यात जाणारा पैसा यांचा हिशेब भाऊंनी कधी काटेकोर ठेवला असेल असे त्यांच्या चरित्रावरून वाटत नाही.

त्यांच्या सार्वजनिक कार्याची यादी मोठी आहे. येथे ती धावतीच देतो. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. मुलींच्या शाळांसाठी झटले, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी एक झाले, आणि १८६९ व १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली, तीतही दोघे बंधू होते. प्राचीन शिलालेख, नाणी आणि हस्तलिखिते हा तर त्यांचा ध्यास. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख, गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिळेवरील लेख त्यांनी अभ्यासले. कालिदासाच्या काळाविषयी लिहिले. झिजलेल्या दगडावर, उन्हाचा तिरपा कवडसा पडल्यावर एखादे अक्षर वर उमटते आणि सावली सरकली की पुन्हा बुडते. असे अक्षर पकडण्यास ज्या जातीचा डोळा लागतो, त्याच जातीचा डोळा पुढे त्यांना रोग्यांच्या अंगावर उपयोगी पडला असावा, असे आमच्या मनात अनेकदा येते.

एका प्रसंगापाशी मात्र थांबले पाहिजे. १८६२ मध्ये मुंबईत एक अब्रुनुकसानीचा खटला गाजला. सत्यप्रकाश पत्राचे संपादक करसनदास मूळजी यांनी वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या वर्तनावर लेख लिहिला होता आणि जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर दावा लावला होता. या खटल्यात साक्षीदार म्हणून डॉ. भाऊ दाजी उभे राहिले. महाराज मंडळींपैकी काहींवर आपण वैद्य या नात्याने उपचार केले आहेत हे त्यांनी शपथेवर सांगितले, आणि त्यात गुप्तरोगाचाही उल्लेख आला. ज्यांच्या घरी वैद्य म्हणून जाणे प्रतिष्ठेचे आणि प्राप्तीचे, त्यांच्याविरुद्ध बोलण्यास छाती लागते. निकाल करसनदासांच्या बाजूने लागला आणि सुधारकांनी भाऊंची वाहवा केली. तथापि रोग्याचे गुपित वैद्याने भर कोर्टात सांगावे काय, हा प्रश्न आज कोणीही डॉक्टर विचारील. आमचे मत असे की भाऊंनी तेव्हा नागरिकाचे कर्तव्य वैद्याच्या कर्तव्याहून मोठे मानले, आणि त्या खटल्याचे स्वरूप पाहता ते समजण्यासारखे आहे. हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण गुपिताचाच प्रश्न त्यांच्यापुढे काही वर्षांनी अगदी उलट बाजूने उभा राहिला.

१८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्यावर उभारलेला मुंबईचा शेअरबाजार पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे खाली आला. कित्येक मातबर घराणी बुडाली. त्या लाटेत भाऊंचेही मोठे नुकसान झाले. दुसरा कोणी असता तर त्याने उरलेले आयुष्य श्रीमंत रोगी पाहून नुकसान भरून काढण्यात घालवले असते. भाऊ महारोग्यांकडे वळले.

महारोग हा शब्द त्या काळी उच्चारताना लोक आवाज खाली आणत. रक्तपिती म्हणत, व्याधी म्हणत, पूर्वजन्मीचे पाप म्हणत. हातापायांची बोटे झडलेली माणसे देवळांच्या पायऱ्यांवर आणि नाक्यांवर बसलेली असत, आणि घरातल्या घरात लपवलेली किती असत याची गणती नव्हती. वैद्यकशास्त्राचे म्हणणेही धीर देणारे नव्हते. नॉर्वे देशात हा रोग तेव्हा पुष्कळ होता आणि तेथील नामांकित डॉक्टर तो आनुवंशिक मानत. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही १८६७ मध्ये तो संसर्गजन्य नसून वंशपरंपरागत असल्याचाच अभिप्राय दिला. संसर्ग नाही म्हटल्याने रोग्याला दूर लोटण्याचे कारण एक प्रकारे कमी झाले. पण रोग रक्तात आहे म्हटल्याने साऱ्या कुळावर शिक्का बसला. आपल्या मंडळातील त्या गृहस्थांना मुलीच्या लग्नाची जी भीती वाटली, तिची मुळे जुन्या समजुतींत आहेत तशीच या शास्त्रीय अभिप्रायातही आहेत, आणि दीडशे वर्षांनीही ती पुरती उखडली गेलेली नाहीत.

भाऊंनी संस्कृत वैद्यकग्रंथ वाचले होते. आयुर्वेदात कुष्ठ ही संज्ञा एका रोगाची नसून एका कुळाची आहे. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे अशी अठरा त्यात मोजली आहेत. म्हणजे ज्याला आपण खरूज, इसब किंवा गजकर्ण म्हणतो त्यांसारखे साधे विकारही त्याच छत्राखाली येतात. म्हणून जुन्या ग्रंथातील कुष्ठावरचे औषध आजच्या कुष्ठरोगावर चालेलच असे धरता येत नाही. आधी रोग ओळखावा लागतो. सुश्रुताने तुवरक नावाच्या एका झाडाच्या बियांचे तेल सांगितले आहे, आणि हे झाड पश्चिम समुद्राच्या काठी वाढते अशी खूणही दिली आहे. पश्चिम समुद्राचा काठ म्हणजे आपला कोकण, गोवा आणि त्याखालचा मुलूख. कोकणात या झाडाला कडू कवठ किंवा कवटी म्हणतात, गोव्यात खष्ट. सदा हिरवे असणारे हे झाड घाटाच्या उतारावर, ओढ्यांच्या काठी आढळते. फळ कवठासारखे गोल व टणक, आत गरात रुतलेल्या पुष्कळ बिया. त्यांचे पिवळसर, उग्र वासाचे तेल खेडोपाडी खरजेवर लावत आले आहेत. अशा रीतीने मांद्र्याच्या मुलाने ग्रंथातून जी वाट धरली ती त्याला त्याच्याच गावच्या रानात घेऊन गेली. योगायोग असा, की १८५४ मध्येच कोलकात्यात डॉ. मोआट यांनी चालमोगरा नावाचे तेल या रोगावर वापरून पाहिल्याचे प्रसिद्ध केले होते, आणि तो चालमोगरा या कडू कवठाचाच पूर्वेकडील भाऊबंद आहे.

१८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात भाऊंनी हे उपचार हाती घेतले. त्यांची कीर्ती पसरली तसे दूरदूरचे रोगी मुंबईस येऊ लागले. येथे हा रोग ओळखायचा कसा हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण कोणत्याही उपचाराची अर्धी बाजी तेथेच असते आणि वाचकांपैकी प्रत्येकाच्या घरी ते उपयोगी पडेल.

कातडीवर फिकट डाग पडण्याची कारणे अनेक आहेत. छातीपाठीवर, मानेवर घामाच्या दिवसांत बारीक कोंडा सुटणारे डाग उठतात. त्यांना आपण शिबे म्हणतो. ती एका बुरशीची करामत असून औषधाने जातात. मुलांच्या गालांवर पुसट पांढरे डाग दिसले की आजी जंताचे औषध काढते. बहुधा ते कोरड्या त्वचेचे डाग असतात आणि आपोआप मावळतात. नायटा किंवा गजकर्ण हा कडेने लाल, मध्ये निवळलेला, कंकणासारखा वाढत जाणारा आणि मुख्य म्हणजे खाजणारा. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला उठते आणि रात्री झोपू देत नाही. तिच्यात एकट्याने औषध लावून भागत नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावे लागते. कोड हा दुधासारखा पांढरा, खाज नाही, बधिरपणा नाही, संसर्ग तर मुळीच नाही. त्याचा आणि कुष्ठरोगाचा काडीचाही संबंध नसताना पांढरे कोड हे नाव घेऊन पिढ्यान्‌पिढ्या मुलींची लग्ने मोडली गेली.

कुष्ठरोगाचा चट्टा या सगळ्यांहून निराळा ओळखू येतो तो त्याच्या मौनामुळे. तो खाजत नाही, दुखत नाही. त्वचेच्या रंगाहून फिकट किंवा तांबूस असतो, पुष्कळदा तेथे घाम येत नाही आणि लव झडते. डोळे मिटवून कापसाच्या पेळूने हलकेच स्पर्श केला तर रोग्याला तो तेथे कळत नाही. काही रोग्यांत चट्टे ठळक नसतात; त्याऐवजी चेहरा तेलकट, तुकतुकीत दिसू लागतो आणि कानाच्या पाळ्या जाड होतात. म्हणून तपासणी दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी आणि सर्वांगाची करावी लागते. पाठ व कुल्ले यांवरचा डाग स्वतःला दिसतच नाही. कोपराच्या मागची, गुडघ्याच्या खाली बाहेरच्या अंगाची आणि मानेतली अशा ठरावीक मज्जातंतूंची जाडी हाताने चाचपून पाहतात. या तपासणीस यंत्र लागत नाही. उजेड, कापूस, सवड आणि रोग्याला हात लावण्याची तयारी एवढेच लागते. आणि भाऊंच्या काळात चौथी गोष्टच दुर्मिळ होती. बोटे झडतात ती रोगाने थेट नव्हे. बधिर झालेल्या हातापायांना भाजले, कापले, काटा रुतला तरी कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे झिजत जातात. आरंभीच ओळखले तर पुढचे काहीच घडत नाही.

भाऊंच्या उपचारावर त्यांच्या हयातीतच वाद झाला, आणि त्यास कारणही त्यांनीच दिले होते. आपण कोणते औषध देतो हे त्यांनी जाहीर केले नाही. ते कडू कवठाचे तेल होते ही गोष्ट मागाहून सर्वांस कळली. प्रयोग पुरा झाल्याविना बोलू नये हे मोरहेडसाहेबांच्या शिष्यास शोभणारेच होते. अर्धवट माहितीवर कोणीही उठून ते उग्र तेल रोग्यांना पाजले असते तर अनर्थ झाला असता, हेही खरे. पण औषध काय हे माहीत नसता दुसऱ्या डॉक्टरांनी ते पडताळून पाहावे कसे? पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या मनुष्याने जुन्या वैद्यांप्रमाणे गुटिका मुठीत झाकून ठेवावी, हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. कोर्टात रोग्यांची गुपिते निर्भयपणे उघडी करणाऱ्या भाऊंनी औषधाचे गुपित मात्र राखले. त्यांच्याविषयी आमच्या मनात पराकाष्ठेचा आदर आहे, पण येथे त्यांची चूक झाली असेच आम्ही म्हणू. जी गोष्ट पाच वर्षे आधी दहा रुग्णालयांत पडताळली गेली असती, ती एका माणसाच्या आयुष्याला बांधली गेली. आणि ते आयुष्य लांबले नाही. अखेरच्या काळात त्यांची प्रकृती ढासळली. १८७४ च्या मे महिन्यात, वयाच्या पन्नाशीच्या सुमारास ते निवर्तले.

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला काय घडत होते ते पाहिले म्हणजे मन थक्क होते. १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे डॉ. आर्माउर हान्सेन या तरुण डॉक्टरने रोग्यांच्या गाठींतील द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली काडीसारखे जंतू पाहिले. रोग वंशाचा नाही, जंतूचा आहे, हे सांगणारा तो पहिला पुरावा. पुढील वर्षी, म्हणजे भाऊंच्या मृत्यूच्या वर्षी, हान्सेनने आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेले, पुढे बरीच वर्षे साताऱ्यास सिव्हिल सर्जन असलेले डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी याच काळात नॉर्वेस जाऊन हे काम डोळ्यांनी पाहिले व हिंदुस्थानात त्याची वार्ता पोचवली. शरीरशास्त्राच्या ग्रे यांच्या जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे ते हेच कार्टर. भाऊ आणखी दहा वर्षे जगते तर मुंबई आणि बर्गन यांची गाठ पडती.

कडू कवठाचे तेल पुढे अर्धशतक या रोगावरचे मुख्य औषध म्हणून जगभर चालले. १९०४ मध्ये लंडनमध्ये त्यातील आम्ले वेगळी काढली गेली. पोटात घेतले की मळमळून येई, म्हणून ते सुईने टोचण्याजोगे करण्याची खटपट सुरू झाली. हवाईत अ‍ॅलिस बॉल या तरुण कृष्णवर्णी रसायनशास्त्रज्ञ महिलेने १९१५ च्या सुमारास ती साधली, आणि कोलकात्यात सर लिओनार्ड रॉजर्स यांनी याच दिशेने काम केले. आपले जे बांधव कोलकात्यास आहेत त्यांनी तेथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे नाव ऐकले असेल, तेलंगणात राहणाऱ्यांना निजामाबादजवळचे डिचपल्ली ठाऊक असेल, चेन्नईकरांना चेंगलपट्टू. या तेलाचा इतिहास या गावांतून गेला आहे. टोचण्याने गाठी होत, फार दुखे. आरंभीच्या रोग्यांना त्याने काही गुण येई, जुनाट रोग्यांना थोडाच, आणि बरे झालेल्यांत रोग पुन्हा उलटे. म्हणजे भाऊंनी हाती धरलेला धागा खरा होता, पण तो पुरेसा बळकट नव्हता. १९४० च्या दशकात सल्फोन जातीची औषधे आली आणि तेलाचे युग संपले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये दोनतीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. तीमुळे सहा महिन्यांत किंवा वर्षभरात रोगी पूर्ण बरा होतो, आणि उपचार सुरू होताच थोड्याच काळात त्याच्यापासून दुसऱ्यास लागण होण्याचे थांबते. दहा हजारांत एकाहून कमी रोगी ही पातळी आपल्या देशाने २००५ च्या अखेरीस गाठली. तरीही जगातील नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात, वर्षाला लाखाच्या आसपास, नोंदले जातात.

कायद्याने मात्र शहाणे व्हावयास फार वेळ लावला. महारोग्यांना पकडून कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि जोडीदारास कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून वगळले गेले ते २०१९ मध्ये. आपल्या त्या गृहस्थांचा दंडावरचा डाग दिसू लागला तेव्हा हा दुसरा बदल नुकताच झाला होता. त्यांना तो माहीत नव्हता. आम्हांलाही नव्हता.

एक सूचना डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी केली होती, ती येथे नोंदवतो. नायट्यासाठी दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने दोन दिवस बरे वाटते, मग बुरशी अधिक पसरते, आणि डागाचे मूळ रूप पुसले गेल्याने डॉक्टरलाही तो ओळखता येईनासा होतो. कोणताही डाग महिनाभरात गेला नाही, किंवा त्या जागी स्पर्श मंद वाटला, तर मलम बंद करून सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जावे. तपासणी व औषध दोन्ही फुकट आहेत. भाषेची अडचण असेल तर मंडळाच्या कार्यालयात सांगावे. सोबत येण्यास आमच्यापैकी कोणीतरी तयार असतो, आणि तो बाहेर काही बोलत नाही.

भाऊंचा हस्तलिखितांचा संग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला व आजही त्यांच्या नावाने तेथे आहे. ज्या संग्रहालयाच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला होता ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १८७२ मध्ये, त्यांच्या हयातीतच, भायखळ्यास लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. सुट्टीत मुंबईस गेलात तर मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकावर उतरून पूर्वेकडे थोडे चालावे. पुढे वेळ असेल तर माटुंग्यासही जावे. तेथे डॉ. भाऊ दाजी यांच्या नावाचा एक गजबजलेला रस्ता आहे, दोन्ही बाजूंस जुनी झाडे आणि दाक्षिणात्य खानावळी. शहराबाहेरची जागा म्हणून १८९० मध्ये ज्या माटुंग्याच्या रानात निराधार महारोग्यांसाठी आश्रयस्थान काढले गेले, ते ठिकाण तेथून फार दूर नाही. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय ते हेच.